नमुन्यातील चूक, विणणारीचा दोष

मराठी पुस्तकांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून साहित्यसंस्थांत कडाक्याचे वाद होतात, आणि ते व्हावेतही. परंतु त्याच भाषेत छापलेल्या विणकामाच्या नमुन्यात टाक्यांचा आकडा चुकला, तर त्याला मुद्रणदोष म्हणण्यासही कोणी तयार नसतो. ती ‘बायकांची बाब’ ठरते. हा पंक्तिभेद आम्हांस मान्य नाही. वेलांटी चुकली तरी वाचक अर्थ लावून पुढे जातो. आकडा चुकला की विणलेले सारे उसवावे लागते.

उदाहरणादाखल दोन जागा पाहू. समजा, जाळीची वीण दर आठ टाक्यांनी फिरून येते आणि दोन्ही कडांना एकेक टाका आहे. म्हणजे एकूण टाके आठाच्या पटीत अधिक दोन हवेत. अशा नमुन्यात ‘९६ टाके घालावेत’ असे छापले, तर कडेचे टाके कोठून आणावयाचे? तेथे ९८ हवेत. दुसरी जागा बाहीची. ४६ टाके दोन्ही बाजूंस एकेक वाढवीत ७० करावयाचे, म्हणजे वाढ बारा वेळा. ती दर ६ व्या ओळीस केल्यास ७२ ओळी होतात. १० सेंटिमीटरला २८ ओळी धरता लांबी सुमारे २६ सेंटिमीटर भरते. ‘६’ च्या जागी ‘१६’ पडले की ओळी १९२ होतात आणि लहान मुलाची बाही ६८ सेंटिमीटरच्या पुढे जाते! हे कळण्यास सुया हाती धरण्याचीही गरज नाही, गुणाकार पुरतो.

‘जाणती बाई चूक आपोआप सुधारून घेते’, हे यावरचे ठरलेले उत्तर. पण छापील नमुना मुख्यतः नवशिकीसाठी असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपली घराणी येथेच राहिली. मावशी नांदेडला, आत्या परभणीला. शेजारीण विणकामात निष्णात असली तरी तेलुगू वा उर्दू बोलणारी. मराठी सूचना तिला वाचता येत नाहीत. अशा घरात पुस्तक हीच मावशी. नवशिकी मुलगी त्यावर विश्वासते, तीनदा उसवते आणि ‘मलाच जमत नाही’ म्हणून सुया ठेवून देते. छापणाऱ्याचा दोष विणणारीच्या माथी बसतो, यावर आमचा खरा आक्षेप आहे.

हे दुखणे केवळ मराठीचे नव्हे. अमेरिकेतील एलिझाबेथ झिमरमन यांनी अखंड गोल विणावयाच्या स्वेटरचा दिलेला नमुना प्रकाशकांनी सुट्या सपाट तुकड्यांचा करून छापला. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचे पत्रकच सुरू केले. प्रत्येकीला ते कसे शक्य व्हावे?

सरकारी आदेशात एक आकडा चुकला तरी मूळ आदेशाचा क्रमांक व दिनांक देऊन ‘अमुकऐवजी अमुक वाचावे’ असे शुद्धिपत्रक निघते. नमुन्यांबाबत आमची मागणी याहून अधिक नाही. छपाईपूर्वी लेखिकेच्या हस्तलिखितावरून नव्हे, तर प्रुफावरून एकीने नमुना विणून पाहावा. चूक आढळल्यास मासिकाने पुढच्याच अंकात पृष्ठ, माप व ओळ यांसह दुरुस्ती द्यावी. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ती मजकुरातच व्हावी. ग्रंथालयांनी दुरुस्तीची चिठ्ठी आपल्या प्रतीत चिकटवावी. आणि अशा पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्याने मुखपृष्ठाची स्तुती करण्यापूर्वी निदान एका बाहीचा हिशेब करून पाहावा.