मांटूचा हात वाचताना

मांटू टोचलेला हात दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात परत येतो, तेव्हा नजर आधी लालीवर जाते. लाली मोठी दिसली की आई धास्तावते, आणि कधी कधी तेवढ्यावरच टीबीची औषधे सुरू होतात. लाली नसली की ‘काही नाही’ असे सांगून मुलाला घरी धाडले जाते. जुन्नर-आंबेगावातल्या आपल्या व्यवसायबंधूंना आमचे कळकळीचे सांगणे आहे की हे दोन्ही थांबायला हवे.

ट्युबरक्युलिन त्वचेत सोडल्यावर, क्षयजंतूची ओळख झालेल्या पेशी तिथे जमू लागतात. 48 ते 72 तासांत त्यांची गर्दी होऊन त्वचा टणक होते. मोजायचा तो हा टणकपणा. सुई टोचताच उठणारा 6 ते 10 मिलिमीटरचा फुगा म्हणजे टोचणे नीट झाल्याची खूण; तो थोड्या वेळात विरतो. पहिल्या दिवशीची लाली आणि खाज हिशेबात धरायची नाही. कांद्याच्या वाफ्यात, उसाच्या फडात रापलेल्या हातावर तर लाली धड दिसतही नाही. टणकपणा मात्र बोटाला लागतो.

हात कोपरात किंचित वाकवून टेबलावर टेकवावा. बॉलपेन बाहेरून गाठीकडे, हाताच्या आडव्या दिशेने, हलक्या दाबाने सरकवत न्यावे. अडेल तिथे थांबावे. दुसऱ्या बाजूनेही तसेच. दोन रेघांच्या टोकांमधले अंतर पारदर्शक पट्टीने मोजावे. सोकल यांनी 1975 मध्ये सांगितलेली ही रीत आजही तितकीच उपयोगी आहे. कार्डावर आकडा लिहावा, नुसते ‘पॉझिटिव्ह’ नव्हे. टणकपणा नसेल तर 0 मिमी असे स्पष्ट लिहावे.

आपल्याकडे साधारण 10 मिमी ही सीमा धरतात, एचआयव्हीबाधितांसाठी 5. पण जन्मतः दिलेली बीसीजी आणि माती-पाण्यातले क्षयजंतूचे भाईबंद या आकड्यात गोंधळ घालतात. उलट कुपोषित मुलात, नुकताच गोवर होऊन गेलेल्यात किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यात हात सपाट राहिला तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. बीसीजीचा गोंधळ टाळणारी सीवाय-टीबी ही त्वचा चाचणी आपल्याच जिल्ह्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. तिच्यातली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात, म्हणून सर्वांसाठी 5 मिमी ही एकच सीमा पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये या प्रकारच्या चाचण्यांना मान्यता दिली. वाचन मात्र तसेच, बोटाने आणि त्याच मुदतीत.

ही मुदत पाळणे आपल्या भागात खरे अवघड. आहुपे किंवा घाटघरहून आलेल्या माणसाला दुसरी खेप म्हणजे बुडालेली मजुरी. हिरड्याच्या दिवसांत तर तो येणारच नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या ऊसतोड टोळ्या फड संपला की मुक्काम हलवतात. गुरुवारी टोचले की वाचन शनिवार-रविवारवर जाते, म्हणून सोमवार-मंगळवार बरा. लांबच्या पाड्यावर वाचायला कोण जाणार, हे टोचण्याआधी ठरावे. आशाताईंना मोजायला शिकवता येते. सुरुवातीची काही वाचने डॉक्टरांनी सोबत बसून पडताळावीत.

आकडा मोठा आला म्हणजे टीबी झाला असे नव्हे. तो संसर्ग सांगतो, आजार नाही. खोकला, ताप, वजन घटणे विचारा, एक्स-रे काढा, गरजेप्रमाणे थुंकीची नॅट चाचणी करा. आजार नाही हे ठरल्यावरच प्रतिबंधक उपचाराचा विचार. टीबी रुग्णाच्या घरातले पाच वर्षांखालील मूल आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांना तर आजार नसल्याची खात्री झाली की चाचणीवाचूनही हा उपचार देता येतो. चाचणीचे औषध संपले, ही त्यासाठी सबब होत नाही.

काही हातांवर फोड येतो, क्वचित जखम होते. आई विचारते, ‘डॉक्टर, इंजेक्शन पिकलं का?’ बहुधा ती तीव्र प्रतिक्रियाच असते. फोड फोडू नये, हळद-चुना लावू नये. थंड पाण्याची घडी आणि स्वच्छ कोरडी पट्टी पुरते. अशा व्यक्तीला मांटू पुन्हा टोचायची नाही, आणि ते तिच्या कार्डावर ठळक लिहून द्यायचे, कारण पुढच्या वेळी ती मंचरला जाईल की नारायणगावला, हे आपल्याला ठाऊक नसते.