लोंबकळणारी नळी

गेल्या शनिवारी भाज्याला गेलो होतो. मुंबईहून बोरघाट चढून, मळवली ओलांडून भाज्याच्या रस्त्याला लागलो आणि अडकलो. पाऊस, धबधबा, गर्दी... पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास मुंगीच्या पावलांनी. तेवढ्यात मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, काहीतरी जळतंय का?"

जळत होतं ते आमचंच ऑईल! आठवड्यापूर्वी एअर फिल्टरच्या पाइपात तेल दिसलं म्हणून गॅरेजवाल्याने इंजिनाची ब्रीदर नळी काढून खाली सोडून दिली होती, भोकाला बूच मारलं होतं. "साहेब, आता तेल आत जाणारच नाही." खरंच गेलं नाही. गरम एक्झॉस्टवर ठिबकत राहिलं.

आता ही नळी कशाला असते? इंजिन कितीही नवं असलं तरी पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि ऑईलचे बारीक कण. याला वाट दिली नाही तर दाब वाढून ऑईल सील गळतात. म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्हमधून हा वायू परत इंजिनात ओढून जाळतात. घाट चढताना मात्र वायू जास्त आणि ओढ कमी, मग थोडा वायू उलट्या वाटेने एअर फिल्टरकडे जातो. तिथे थोडं तेल दिसणं साहजिक आहे. फार दिसलं तर कारण शोधावं. आमच्या गाडीत ते निघालं पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेला आणि ऑईल खुणेच्या वर भरलेलं. दोन्ही स्वस्तातली कामं.

आमच्या धंद्यात अशा दुरुस्तीला एरर न सुधारता एररचा मेसेज बंद करणं म्हणतात. (मीही केलंय, नाही कशाला म्हणू?)

गंमत म्हणजे पूर्वी सगळ्याच गाड्यांची नळी अशी रस्त्यावर उघडी असायची. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण होऊन कॅलिफोर्नियाने 1961 साली पीसीव्ही सक्तीची केली. आपल्याकडेही भारत स्टेजच्या मान्यता चाचण्यांत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सुटता कामा नये, अशी वेगळी तपासणी असते. अशा चाचण्या करणारी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. पण गाडी एकदा रस्त्यावर आली की पीयूसीची सळई जाते फक्त सायलेन्सरमध्ये. बॉनेट उघडतो कोण? माझी लोंबकळणारी नळी घेऊनही सर्टिफिकेट मिळालं असतं!

माझं म्हणणं एवढंच: पीयूसीच्या वेळी बॉनेट उघडून नळ्या जागेवर आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनी बघावं. यंत्र लागत नाही, मिनिटभर लागतं. आणि सर्व्हिसिंगला गाडी दिलीत की आपणही विचारावं, "पीसीव्ही बघितला का?" नळी काढून टाकतो म्हणाला तर सरळ नाही म्हणावं.

आपण तासाभराने लेण्यांच्या पायऱ्या चढून मोकळ्या हवेत जातो हो. भाज्याच्या रस्त्याकडेला कणसं भाजत बसलेल्या बाईला मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचं असतं, आपल्या सगळ्यांच्या नळ्यांसमोर.

असो. माझी नळी सोमवारीच जागेवर बसवली.