तहानलेला कंद

माझ्या हातून एक खून झालाय. हसू नका, सीरियसली सांगतेय!

दोन वर्षांपूर्वी जून-जुलै ताईकडे होते, इंग्लंडात लीड्सला. ताई-जिजू दिवसभर ऑफिसात आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच. त्यामुळे झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे. पोर्चमधल्या एका कुंडीत एकही पान नव्हतं. नुसती कोरडी माती आणि वर डोकावणारा बशीएवढा, सुरणासारखा खडबडीत कंद. बिचारा तहानलाय, म्हटलं. रोज चहाआधी त्याला तांब्याभर पाणी.

सप्टेंबरात ताईचा फोन. "अगं, काय करून ठेवलंस? सडलाय तो!"

तो होता सायक्लामेन हेडेरिफोलियम. शेजारच्या इंग्रज आजींनी बियांपासून वाढवलेला, वीस वर्षं सांभाळलेला. पाऊस लागू नये म्हणून तर ताईने तो पोर्चमध्ये ठेवला होता.

मग मी वाचत बसले (वरातीमागून घोडं!). हा मूळचा इटली, ग्रीस, पश्चिम तुर्कस्तानचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. म्हणून उन्हाळ्यात हा पानं टाकून चक्क झोपतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आधी फुलं येतात, गुलाबी नाहीतर पांढरी, पाकळ्या मागे उलटलेल्या. चंदेरी नक्षीची पानं मागाहून येतात आणि हिवाळाभर टिकतात.

पण इंग्लंडात तर उन्हाळ्यातही पाऊस पडतो. मग? तिथे हा मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लावतात. जमिनीतलं पाणी झाडाची मुळं पिऊन टाकतात आणि कंद कोरडा राहतो. हिवाळ्यात झाडाची पानं गळली की याला ऊनही मिळतं. कुंडीत मात्र माझं पाणी प्यायला दुसरं कुणीच नव्हतं.

पुण्यात एक लावून पापक्षालन करावं, तर तेही नाही. आपला पाऊस नेमका याच्या झोपेच्या वेळी!

शेवटी धीर करून आजींना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, पण क्षणभर गप्प झाल्या. तेच जास्त लागलं. मग मुंग्यांचं सांगू लागल्या. फूल गेलं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत बोंड जमिनीशी आणतो. बियांवर गोड आवरण असतं, त्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात. त्यामुळे आजींच्या अंगणात फरश्यांच्या फटींतही रोपं उगवतात. त्यातली दोन त्यांनी ताईला दिली. फूल यायला अजून वर्ष-दोन वर्षं तरी लागतील.

येत्या जूनमध्ये पुन्हा जातेय. तिकीट काढायच्या आधीच ताईने बजावलंय, "कुंड्यांना हात लावायचा नाही."