घड्याळाला भेदभाव ठाऊक नाही

2 ऑक्टोबर 2021 रोजी उत्तर फ्रान्समध्ये पावसाने निसरड्या झालेल्या दगडी रस्त्यांवरून स्त्रियांची पहिली पॅरिस-रूबे सायकल शर्यत झाली. पुरुषांची ही शर्यत 1896 साली सुरू झाली. स्त्रियांना त्याच दगडांवर चाक टेकवण्यासाठी सव्वाशे वर्षे वाट पाहावी लागली. ब्रिटनच्या लिझी डेग्नन सुमारे 82 किलोमीटर एकट्याने पुढे राहून जिंकल्या. शर्यत संपली तेव्हा त्यांचे तळहात रक्ताळलेले होते. या पराक्रमाचे मोल आयोजकांनी 1,535 युरो ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी पुरुषांची शर्यत जिंकणाऱ्या सोन्नी कोलब्रेली यांना 30,000 युरो मिळाले.

स्त्रियांचे अंतर कमी असते, हा युक्तिवाद अशा वेळी शहाजोगपणे पुढे केला जातो. त्या वर्षी स्त्रियांचे अंतर 116 किलोमीटर होते आणि पुरुषांचे सुमारे 257. म्हणजे अंतर निम्म्याहून थोडे कमी आणि मोबदला मात्र विसावा हिस्सा! साधे त्रैराशिक जाणणाऱ्यालाही हा हिशेब पटणार नाही. शिवाय हे अंतर सायकल चालवणाऱ्या स्त्रियांनी ठरवलेले नसते. आयोजक आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ ते ठरवतात आणि मग आपणच आखलेल्या मर्यादेचा आधार घेऊन मोबदला कापला जातो.

ही मर्यादा किती कृत्रिम आहे, हे टाइम ट्रायलमध्ये उघडे पडते. या प्रकारात प्रत्येक सायकलपटू एकटी निघते. वारा अडवायला सहकारी नसतात, डावपेचांना फारसा वाव नसतो. समोर फक्त रस्ता आणि घड्याळ. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री व पुरुष दोघांनीही एकाच दिवशी, त्याच ओल्या रस्त्यावर 32.4 किलोमीटरची टाइम ट्रायल पार केली. स्त्रियांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस ब्राऊन यांनी सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी सप्टेंबरात झुरिकच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत पुरुषांना 46.1 किलोमीटर देण्यात आले आणि स्त्रियांना 29.9. तेथेही ब्राऊनच जिंकल्या. दोन महिन्यांत स्त्रियांचे शरीरशास्त्र बदलले होते काय? बदलले होते ते केवळ निर्णय घेणारे टेबल.

प्रस्थापितांचे दुसरे अस्त्र म्हणजे बाजार. स्त्रियांच्या शर्यती लोक पाहत नाहीत, म्हणून पैसा येत नाही, असे सांगितले जाते. पण लोकांनी पाहायचे काय? पहिल्या पॅरिस-रूबेचे थेट प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा डेग्नन आधीच एकट्या पुढे निघून गेल्या होत्या. शर्यतीचा निकाल ठरवणारा क्षण कॅमेऱ्याने टिपलाच नाही. दुकानाला कुलूप लावायचे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गळा काढायचा, अशी ही मखलाशी आहे.

इतिहासाचीही साक्ष हीच आहे. 1984 साली स्त्रियांची टूर द फ्रान्स सुरू झाली. पहिली विजेती अमेरिकेची मॅरिअन मार्टिन. त्यांना मिळाले सुमारे एक हजार डॉलर. पुरुषांचे विजेते लोराँ फिन्यों यांना एक लाखाहून अधिक. 1989 नंतर ती शर्यत त्या स्वरूपात बंद पडली. 2022 मध्ये ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा विजेत्या आनेमीक व्हॅन फ्लूटेन यांना 50,000 युरो मिळाले. पुरुषांच्या विजेत्याला 5,00,000.

हे पुनरागमनही कोणाच्या उदारतेतून झालेले नाही. 2013 मध्ये मारियान व्होस, एमा पूली, कॅथरिन बर्टीन आणि क्रिसी वेलिंग्टन यांनी टूरची दारे उघडण्याची मागणी केली आणि हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या. आयोजकांनी 2014 साली एका दिवसाच्या शर्यतीचा तुकडा पुढे टाकला. 2017 मध्ये स्त्री सायकलपटूंनी ‘सायक्लिस्ट्स अलायन्स’ ही स्वतःची संघटना उभारली. 2020 मध्ये सर्वोच्च श्रेणीतील संघांसाठी प्रथमच किमान वेतन आले, वर्षाला 15,000 युरो. 2023 पर्यंत ते 32,000 वर गेले. संघटना आणि वेतन यांचे हे नाते कामगार चळवळीला नवे नाही. मात्र खालच्या ‘कॉन्टिनेंटल’ श्रेणीतील संघांत या किमान वेतनाचे संरक्षण नाही. तेथील मुली त्याच रस्त्यांवर, तोच धोका पत्करून धावतात.

डेग्नन यांच्या संघाने बक्षिसातील तफावत पदरची रक्कम घालून भरून काढली. ही गोष्ट चांगली झाली. परंतु मालकाच्या मर्जीवर हक्क उभा राहत नाही. मर्जी फिरली की तो कोसळतो. समान मोबदला अशक्यही नाही. 2018 साली ब्रिटनमधील स्त्रियांच्या टूरने पुरुषांच्या टूरइतकीच बक्षिसाची रक्कम ठेवली होती आणि त्यामुळे आभाळ कोसळले नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अंतर ठरवताना सायकलपटूंच्या संघटनेला मताचा अधिकार हवा. शर्यतीचे प्रक्षेपण पहिल्या किलोमीटरपासून हवे. किमान वेतन शेवटच्या श्रेणीपर्यंत पोहोचले पाहिजे आणि बक्षीस समान असले पाहिजे. समान श्रमाला समान दाम हे तत्त्व कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. जेथे घाम विकला जातो, तेथे ते लागू होते. मग तो घाम यंत्रावर गळो की सायकलवर.