मेंदूच्या सर्जनचा हात कुठे बसतो? जपानचा अनुभव

मेंदूच्या शस्त्रक्रियेत एखाद्या मिलिमीटरच्या चुकीनेही रुग्णाची वाचा किंवा दृष्टी जाऊ शकते. म्हणून सर्जन आधी मृतदेहावर सराव करतात. पण जपानमध्ये हा सराव बरीच वर्षे अवघड होता.

तिथे शवविच्छेदनाचा कायदा १९४९चा आणि देहदानाचा १९८३चा. दोन्हींमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा विचार होता. सर्जनच्या सरावाबद्दल स्पष्टता नव्हती. म्हणून अनेक जपानी न्यूरोसर्जन अमेरिकेत, फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. अल्बर्ट ऱ्होटन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतील नसा आणि रक्तवाहिन्यांची रचना शिकले.

२०१२मध्ये जपानच्या सर्जन आणि शरीररचनातज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे आणली. अशा सरावासाठी दात्याची आधीच घेतलेली लेखी संमती, नैतिक समितीची मंजुरी आणि शरीररचना विभागाची देखरेख आवश्यक ठरली.

माझ्या मते यातली कळीची गोष्ट संमती. आपला देह कशासाठी वापरला जाईल हे दात्याला स्पष्ट सांगितले, तरच समाजाचा विश्वास टिकतो. आणि त्या विश्वासावरच पुढच्या रुग्णाची सुरक्षितता उभी असते. देहदानाचा अर्ज भरताना हा प्रश्न जरूर विचारा.