लाल दिवा कॅमेऱ्याचा लागतो, ट्रॉलीचा नाही

दिवाळीच्या आधीची गोष्ट. नागपूरहून वर्ध्याला परत येत होतो. दादा, म्हणजे माझा चुलत भाऊ, बाइक चालवत होता आणि मी मागे बसले होते. त्याच्या हँडलवर एक नवीन वस्तू आली होती. काडेपेटीएवढी डबी, तिला एक दिवा. फोनला जोडलेली. पुढे स्पीड कॅमेरा असला की दिवा लाल लुकलुकतो. दादा तिला कौतुकाने ‘रडार’ म्हणतो.

‘आवाजवालं काहून नाही घेतलं?’ मी विचारलं.

‘हेल्मेट आणि वाऱ्यात आवाज ऐकू येते का? दिवा कसा, सरळ डोळ्यांसमोर.’

बुटीबोरी मागे पडलं. थोड्या वेळाने दिवा लुकलुकला. दादाने गाडी पन्नासवर आणली, शहाण्या मुलासारखा कॅमेऱ्याखालून गेला आणि पुन्हा कान पिळला. पाचेक मिनिटांनी समोर अंधारात काहीतरी काळं दिसलं. कापसाने भरलेली ट्रॉली. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, काहीच नाही. दादाने गाडी कशीबशी उजवीकडे काढली. आम्ही वाचलो. पुढच्या टपरीवर थांबून चहा घेतला, पण कपातला चहा हलत होता. हात माझाच थरथरत होता.

तेव्हा लक्षात आलं की कॅमेऱ्यासाठी दिवा लागला होता, ट्रॉलीसाठी लागलाच नाही.

तुमच्याही फोनमध्ये असं काहीतरी असेलच. गुगल मॅप्स भारतात 2019 पासून कॅमेऱ्याची सूचना देतं. काही जण परदेशी बनावटीचं खरंखुरं रडार डिटेक्टर लावतात, काही जण हेल्मेटच्या आत छोटा दिवा बसवतात. आणि हे काहीच नसेल तर आपला जुना देशी डिटेक्टर आहेच. समोरून येणारा डिप्पर मारतो, आपण समजतो, पुढे पोलीस उभे आहेत. ‘जाम चौरस्त्यावर पावत्या फाडून राहिले’ असा मेसेज ग्रुपवर पडला की दहा थम्ब येतात. हे सगळं आपण मदत म्हणून करतो. मीही केलंय, खोटं कशाला बोलू?

पण आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. रडार गन रेडिओ लहरी सोडते. त्या चालत्या गाडीवर आपटून परततात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. त्या फरकावरून वेग निघतो. या लहरी रस्त्यावर पसरतात, म्हणून डिटेक्टरला लांबूनच त्यांचा वास लागतो. काही नव्या मोटारींच्या ब्लाइंड-स्पॉट रडारमुळेही तो उगाच ओरडतो, ते वेगळं. पण आपल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर स्पीड गन असते. लेझरचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो. तो तुमच्या गाडीवर पडतो तेव्हाच डिटेक्टरला कळतं, आणि तोवर तुमचा वेग मोजून झालेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढणारी यंत्रणा आहे. तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून काही उपयोग नाही. म्हणजे ज्या कामासाठी ही वस्तू घेतो, त्या कामातही ती अर्धवटच.

आता बाइकचा वेगळा प्रश्न. कारमध्ये निदान आवाज ऐकू येतो. बाइकवर दिवाच बघावा लागतो, म्हणजे नजर रस्त्यावरून काढून हँडलवर न्यावी लागते. साधा हिशेब करा. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. दिवा कशाचा, कॅमेरा किती लांब, हे बघण्यात दोन सेकंद गेले तर तुम्ही 44 मीटर न बघता गेलात. आणि वेग 60 वरून 80 वर गेला की गाडी थांबवायला ब्रेकला करावं लागणारं काम तिपटीच्या जवळ नाही, पण जवळपास पावणेदोन पट होतं. आपल्या रस्त्यांवर त्या 44 मीटरमध्ये काय काय येऊ शकतं हे तुम्हाला सांगायला नको. सोयाबीन वाळत घातलेलं असतं, गाई बसलेल्या असतात, रात्री रानडुक्कर आडवं जातं.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय लुटून घ्यायचं? हा प्रश्न मला पटतो. उताराच्या खाली, झाडाच्या आडोशाला गाडी लावून वेग मोजणं हे सुरक्षिततेसाठी आहे की वसुलीसाठी, असा संशय येतोच. वेगमर्यादेची पाटी फांद्यांत लपलेली असते. चलान महिन्यांनी कळतं, तेही गाडी विकायला काढली की. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाच्या वेगासाठी कायद्यात 1000 ते 2000 रुपये दंड आहे. पार्सल पोचवून दिवस काढणाऱ्या पोराची तेवढ्यात दोन दिवसांची कमाई जाते.

म्हणूनच एक नियम प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम घातला. स्पीड कॅमेरा असो की स्पीड गन, अशी यंत्रं जिथे वापरली जातात त्या टप्प्याच्या आधी ठळक दिसेल अशी सूचना लावली पाहिजे, असं तो सांगतो. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे, असंही सांगतो. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. म्हणजे ‘पुढे कॅमेरा आहे’ हे सांगणं तुमच्या हँडलवरच्या डबीचं काम नाहीच, ते रस्त्यावरच्या पाटीचं काम आहे. सगळ्यांसाठी, फुकट. ज्याच्याकडे डबी घ्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठीसुद्धा.

माझं भांडण इथेच आहे. डिटेक्टर घेतला की आपण आपल्यापुरता प्रश्न सोडवतो आणि गप्प बसतो. पाटी नसली तरी चालतं, कारण आपल्याला कळतंच. ज्याला कळत नाही तो भरेल दंड.

फ्रान्सने यावर एक वेगळी वाट काढली. 2012 पासून तिथे कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या उपकरणांवर बंदी आहे. त्याऐवजी ती ‘धोक्याचा टप्पा’ सांगतात. हा टप्पा काही किलोमीटरचाही असू शकतो. त्यात कॅमेरा असेल किंवा नसेल, चालकाला एवढंच कळतं की इथे जपून. पळवाट म्हणून लोक ते वापरत असतीलच, पण त्यातला विचार मला आवडला. सूचना द्यायची तर धोक्याची द्या.

कारण धोका खरा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातले 44.5 टक्के दुचाकीवरचे. एकूण मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंदलेले मृत्यू 50 हजारांवर. आणि वर्धेकरांना आकड्यांची गरजच नाही. 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळून सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सकाळी फोनवर फोन येत होते, ‘आपल्या ओळखीचं कोणी नाही ना?’ चूक कोणाची, हे मी इथे ठरवणार नाही. एवढंच म्हणते की ती आपल्याच वयाची मुलं होती. देवळीकडे जाताना तो पूल आला की बसमधलं कोणी ना कोणी अजूनही एकदम गप्प होतं.

हे वाचून ‘आता बाइकच चालवू नका’ असं मी म्हणतेय असं समजू नका. बाइकशिवाय आपलं चालत नाही. सेलू, आर्वी, हिंगणघाटहून रोज येणाऱ्यांना शेवटची बस कधी निघते ते विचारा. समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही, म्हणजे आपल्याला जुनेच रस्ते, तीच वळणं, त्याच ट्रॉल्या. म्हणून तर जास्त जपायचं.

मग करायचं काय? पहिलं, कॅमेरे हुडकणारा दिवा काढून टाका आणि स्वतःच्या वेगावर नजर ठेवा. आजकाल बऱ्याच बाइकच्या डिजिटल मीटरमध्ये वेग वाढल्याची सूचना येते. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर 80 आणि शहराच्या हद्दीत 60 ही कमाल मर्यादा आहे. पाटीवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. तेवढा पाळला की कॅमेरा कुठेही असू दे. दुसरं, पाटीशिवाय कॅमेरा दिसला तर तारीख, वेळ, जागा लिहून आरटीओला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला अर्ज द्या, 167अ चा उल्लेख करून. चुकीच्या चलानची तक्रार ऑनलाइन करता येते, ती करा. तिसरं, डिप्पर मारायचाच तर गाय बसलीय, झाड पडलंय, बिनलाइटची ट्रॉली आहे, यासाठी मारा. आणि कापूस भरताना त्या ट्रॉलीला मागे लाल रेडियमची पट्टी चिकटवा. आपल्यातल्या किती जणांच्या घरी ट्रॉली आहे!

दादाने ती डबी अजून काढलेली नाही. परवा विचारलं तर म्हणाला, ‘हजार रुपये वाचवले तिने माझे.’ मी म्हटलं, ‘आणि त्या रात्री आपल्याला कोणी वाचवलं?’ तो काही बोलला नाही. पण रविवारी काकांच्या ट्रॉलीला मागे पट्टी लावताना मी त्याला पाहिलं. डबीचंही बघू. मी रोज विचारणार आहे.