उद्घाटनाची फीत आणि रोजचा गाळ

निवडणूक कुठलीही असो, आपल्या गुजरातेत उद्घाटनांना तोटा नसतो. फीत कापली जाते, फोटो छापून येतात, भाषणांत किलोमीटर आणि तास वाचल्याचे आकडे ऐकू येतात. त्यानंतर त्या कामाचे रोजचे काय होते, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. घोघा ते दहेज या फेरीबोटीचे प्रकरण याच दृष्टीने बडोद्याच्या मराठी मंडळींनी नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

तारखा डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते प्रवासी फेरी सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये गाड्या आणि ट्रक नेणारी मोठी बोट, व्हॉयेज सिम्फनी, या मार्गावर आली. खुष्कीच्या मार्गाने सुमारे तीनशे दहा किलोमीटरचा वळसा. पाण्यावरून तीसएक किलोमीटर. सगळे कसे छान! पण सप्टेंबर २०१९ मध्ये दहेजच्या धक्क्यापाशी पुरेसे पाणी उरले नाही म्हणून फेरी थांबली, आणि ८ नोव्हेंबर २०२० रोजी तीच बोट घोघा ते हजीरा या नव्या मार्गावर पुन्हा एकदा समारंभाने सुरू करण्यात आली. एका बोटीची अशी एकामागून एक उद्घाटने झाली, पण दहेजच्या गाळाचा हिशेब कोणी मांडला नाही.

आता यात बडोदेकरांचे काय गेले, असे कोणी म्हणेल. आपले सौराष्ट्राशी नाते कालचे नाही. अमरेली प्रांत आणि ओखामंडळ हे गायकवाडी राज्याचेच भाग. ओखा बंदर १९२६ साली उभे राहिले ते बडोदे संस्थानच्या पैशाने. कारकून, मास्तर, मुन्सफ, फौजदार म्हणून आपल्या कितीतरी घरांतली माणसे तिकडे नोकरीस गेली आणि काहींची घरे तिकडेच झाली. आजही लग्नकार्याला, बाराव्या-तेराव्याला तिकडे जावेच लागते. भरूचवरून दहेज गाठणे आपल्याला सोयीचे होते. हजीरा पडले सुरतेच्याही पलीकडे. बडोद्याहून भावनगरला जाणाऱ्याने आधी सुरत ओलांडून मग बोटीत बसायचे, हा द्राविडी प्राणायाम कोण करील? हजीऱ्याची सोय सुरतेच्या व्यापाऱ्याला खरोखर झाली आणि त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. पण आपल्या वाट्याची सोय गेली ती गेलीच.

अशी बोट चालते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. व्हॉयेज सिम्फनीला तीन मजले आहेत. हजीऱ्याच्या उद्घाटनाच्या वेळी सरकारने दिलेल्या माहितीनुसार खाली तीस ट्रक, वर शंभर मोटारी, त्यावर पाचशे प्रवासी, आणि खलाशी व सेवक मिळून चौतीस माणसे. जड ट्रक कुठे उभे करायचे याला हिशेब असतो. वजन एका अंगाला पडले तर बोट कलते, म्हणून टाक्यांत पाणी भरून वा सोडून तोल सांभाळावा लागतो. ट्रक साखळदंडांनी जखडतात. दार घट्ट बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय दोर सोडायचे नसतात. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेल्या इंग्रजी फेरीबोटीचे पुढचे दार उघडे राहिले आणि काही मिनिटांत बोट आडवी होऊन १९३ जीव गेले. आपल्याकडे रामदास बोटीची आठवण जुन्या घरांत अजून निघते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्रात ढिलाईला माफी नाही.

शिवाय हे खंभातचे आखात. भावनगरच्या बाजूला भरती आणि ओहोटी यांतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडावे आणि दोनदा उघडे पडावे. म्हणून धक्क्यापासून बोटीपर्यंतचा पूल पाण्याबरोबर वरखाली होईल असाच लागतो. नर्मदा आपला गाळ दहेजच्याच तोंडाशी आणून टाकते. आज उपसला तर उद्या पुन्हा येतो. त्यात बोटीचे तळ खरवडणे, इंजिन उघडून पाहणे, ठराविक मुदतीने तिला गोदीत नेणे हे आलेच. आणि बोट एकच असली की तेवढे दिवस फेरी बंद.

आम्ही पडलो कॉमर्सवाले आणि बँकेत खतावणी करणारे, त्यामुळे आकडा दिसला की पडताळून पाहण्याची खोड. हजीऱ्याच्या वेळी सांगण्यात आले की मालवाहतुकीचे दहा-बारा तास चार तासांवर येतील आणि रोज तीन फेऱ्या, जाऊन-येऊन, होतील. तीन फेऱ्या म्हणजे आखात सहा वेळा ओलांडायचे. सहा चोक चोवीस. मग ट्रक चढवायचे आणि उतरवायचे कधी, भरतीची वाट पाहायची कधी, खलाशाने जेवायचे कधी? शाळकरी पोरगा हा गुणाकार करील. पण वर्षाला पाच लाख प्रवासी आणि तीस हजार ट्रक जातील हा अंदाज याच तीन फेऱ्यांबरोबर जाहीर झाला. कर्ज मागायला आलेल्या गिऱ्हाइकाने असा तक्ता पुढे केला असता तर आमच्या साहेबांनी तो हसून परत केला असता.

खरी मेख भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतली आहे. घर बांधणे वेगळे, दर पावसाळ्याआधी कौले परतणे वेगळे. घोघा आणि दहेज येथील गाळ पहिल्यांदा काढण्यासाठी केंद्राने सागरमाला योजनेतून ११७ कोटी रुपये मंजूर केले. पहिल्यांदा काढण्यासाठी! दर वर्षी येणाऱ्या गाळाचे काय? फीत भांडवली खर्चाला लागते. दर वर्षीच्या उपशाला फीत नाही, फोटो नाही, म्हणून त्याला वालीही नाही.

सरकारी बाजूने सांगतील की निसर्गापुढे इलाज नाही. हा मुद्दा आम्हांस मान्य नाही. ज्या खंभातवरून या आखाताला नाव मिळाले, ते एके काळचे जगप्रसिद्ध बंदर गाळानेच मेले. भावनगरकरांनीही गाळाशी झगडतच बंदर चालवले. म्हणजे हा शत्रू शेकडो वर्षे ओळखीचा आहे. ओळखीच्या शत्रूसाठी दर वर्षी तरतूद न करणे हा निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. तो अंदाजपत्रकाचा दोष आहे. आणि गाळ काढणे खरोखरच परवडत नसेल, तर तेही आकडे देऊन सांगावे. लोक समजूतदार आहेत. आम्हांला अंधारात ठेवू नये एवढेच मागणे.

तेव्हा मत मागायला आपल्या वाड्यांत, सोसायट्यांत येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला मंडळाच्या सभासदांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. दहेजच्या धक्क्यावर झालेल्या खर्चाचे आणि गाळ-उपशाचे वर्षवार आकडे जाहीर करणार का? यापुढे किनाऱ्यावरील कुठल्याही फेरीसेवेला मंजुरी देताना निदान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच ठरावात करणार का? आणि ठरलेल्या किती फेऱ्या झाल्या, किती रद्द झाल्या, याचा तक्ता दर महिन्याला धक्क्यावर लावणार का?

यात मराठी-गुजराती असा भेद नाही. भरूचचा शेतकरी, भावनगरचा व्यापारी, बडोद्याचा पेन्शनर, सगळ्यांचा हा प्रश्न आहे. पिढ्यान् पिढ्या इथे राहून, इथलेच कर भरून आपण या प्रांताचे झालो आहोत, तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्कही आपला आहे. उमेदवार पेढे वाटायला येतील तेव्हा पेढा घ्यावा, पाणी द्यावे, आणि दहेजला पाणी किती आहे ते विचारावे.